स्पिनाचा गोठा

रुचिराने साहेबाचं न ऐकण्याचे जे काही प्रकार आजवर केले होते, त्यांत हा सगळ्यांत महागडा होता. तिच्या शोरूमचा मॅनेजर सुश्रुत याने शनिवारी अगदी स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं, की खारबावच्या लडकू पाटलांना दाखवायला फक्त मोन्ते न्यायची. मोन्ते म्हणजे वेलार्दी कंपनीची उंच, ऐसपैस, सात माणसांची गाडी. आणि रविवारी सकाळी रुचिरा ठाण्याहून निघाली ती स्पिनात बसून. मोन्ते तिच्या मागून शोरूमचा ड्रायव्हर घेऊन येत होता.

स्पिना ही वेलार्दीची मूळ गाडी. लाल, बुटकी, दोनच माणसांची, हाताने गिअर टाकायची. कंपनीचं नाव झालं ते हिच्या जिवावर, शर्यती जिंकल्या त्या हिने, आणि शोरूमच्या भिंतीवर जो भलाथोरला फोटो होता तोही हिचाच. गिऱ्हाईक त्या फोटोसमोर उभं राहून सेल्फी काढायचं, पोराला गाडीच्या नाकाजवळ उभं करायचं, आणि मग खुर्चीत टेकून विचारायचं, "ती उंचवाली दाखवा ना." सुश्रुत म्हणायचा, "लोकांना भिंतीवर स्पिना लागते आणि दारात मोन्ते. आपण दारातलं विकायचं."

त्याचंही अगदीच चूक नव्हतं. कंपनी जगत होती ती मोन्तेवर. पण आता वरून फर्मान आलं होतं, की दिवाळीपर्यंत स्पिनाचं एक तरी बुकिंग आलं नाही, तर शोरूममधली ही एकुलती एक लाल गाडी परत जाणार आणि पुन्हा इथे स्पिना येणार नाही. दिवाळी तोंडावर आली होती आणि बुकिंगचा पत्ता नव्हता.

रुचिराने साहेबाचं ऐकलं नव्हतं ते त्यामुळे. तिचं कामच मुळी स्पिना होतं. गिऱ्हाइकाला चालवायला बसवायचं, आपण शेजारी बसायचं आणि ही गाडी चालवायची कशी ते शिकवायचं. भिवंडीच्या ब्राह्मण आळीत वाढलेली ही मुलगी. वडील श्रीनाथ सर शाळेत गणित शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी आपल्या जुन्या खटाऱ्यावर लेकीला ड्रायव्हिंग. "गिअर बदललेला शेजारच्याला कळला, की मार्क कापले," हा त्यांचा नियम. लेकीने ती विद्या इतकी मनावर घेतली, की इंजिनिअर होऊनही ती ऑफिसात न जाता गाड्यांच्या शोरूममध्ये जाऊन उभी राहिली, आणि आईने तिच्याशी कितीतरी दिवस अबोला धरला. आता स्पिना गेली तर तिच्या वाट्याला काय उरणार? मोन्तेची सीट पाठ कशी चोळून देते, ते दाखवणं. एवढ्यासाठी का तिने आईचा अबोला सोसला होता?

लडकू पाटील एकेकाळी बैलगाड्यांच्या शर्यतीतलं मोठं नाव होतं, हे तिने वडिलांकडून ऐकलं होतं. तेवढ्याच भांडवलावर ती निघाली होती.

पाटलांच्या घराच्या थोडं अलीकडे गतिरोधक होता. गतिरोधक कसला, टेकाडच ते. भिवंडीतले खड्डे रुचिराने लहानपणापासून पाठ केलेले, पण हे प्रकरण तिच्या अभ्यासक्रमात नव्हतं. तिने बटण दाबून स्पिनाचं नाक वर उचललं, गाडी तिरकी घातली, आणि नाक झोकात पलीकडे गेलं. पोट मात्र अडकलं. खालून खर्रर्र आवाज आला, मागची चाकं जागच्या जागी फिरली, आणि वेलार्दीची सगळ्यांत वेगवान गाडी भर रस्त्यात तराजूसारखी डुलत बसली. मागून आलेली मोन्ते बाजूने आरामात टेकाड चढली, उतरली आणि पुढे जाऊन सावलीत उभी राहिली. रुचिराला त्या क्षणी त्या गाडीचा मनापासून राग आला.

गाव जमायला वेळ लागला नाही. कोणी म्हणालं, चाकातली हवा सोडा. कोणी म्हणालं, हवा भरा. एक टेम्पोवाला खाली वाकून बघत म्हणाला, "मॅडम, इसका पेट थोडा ऊपर नहीं बनाया क्या कंपनी ने?" आणि एका उत्साही गृहस्थाने जेसीबी बोलवायला फोन काढला, तेव्हा रुचिरा किंचाळलीच.

एवढ्यात पांढरा सदरा घातलेले, भरघोस मिशांचे लडकू पाटील आले. मागोमाग त्यांचा मुलगा जीवन. लडकूकाकांनी गाडी बघितली, गतिरोधक बघितला, आणि त्यांचा चेहरा पडला.

"या गतिरोधकाला कोणी मंजुरी दिली हो?" रुचिराने जरा चिडूनच विचारलं.

"बाबांनीच," जीवन म्हणाला. "सरपंच असताना."

त्याची हकीकत अशी, की आजूबाजूला गोदामं झाली आणि या रस्त्याने कंटेनर सुसाट धावू लागले. एक दिवस एक कंटेनर शाळेतून येणाऱ्या पोरांच्या अगदी अंगाला घासून गेला. लडकू पाटलांनी घरातली खाट आणून रस्त्यात आडवी टाकली आणि तिच्यावर झोपले. गतिरोधक मंजूर झाला तेव्हाच उठले. मग गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून, "अजून टाक, अजून टाक," करत तो बांधून घेतला. त्यानंतर तिथून कोणी सुसाट गेलं नव्हतं, आणि आज तर एक गाडी गेलीच नव्हती.

"बाय, माज्यामुलं झाला," काका ओशाळून म्हणाले. मग मागे वळून त्यांनी हाळी दिली, "अरे बगता काय? पालखी उचलताव ना जत्रेला? लावा हात!"

गावदेवीची पालखी खांद्यावर घेणारे गडी पुढे आले. रुचिराने कुठे धरायचं आणि कुठे अजिबात धरायचं नाही ते दाखवलं. "गावदेवी माते की जय!" असा पुकारा झाला, आणि स्पिना अलगद उचलली जाऊन आली तशी अलीकडे येऊन टेकली. स्वतः काकांनीही मागच्या बाजूला हात लावला होता. ते आपल्या तळव्यांकडे बघत राहिले.

"ही तर हलकी हाय," ते म्हणाले. "एवढी महागाची गाडी नि हलकी?"

बघ्यांमध्ये कुजबूज झाली. या भागात वस्तूचा दर्जा वजनावर ठरतो, मग ती पितळेची कळशी असो की लग्नातला हार. गाडी हलकी म्हणजे कंपनीने कुठेतरी माल मारला, असंच सगळ्यांना वाटलं. रुचिरा म्हणाली, "काका, हलकी म्हणूनच पळते. शर्यतीचा छकडा तुम्ही जड करायचा का?"

लडकू पाटील मिशीत हसले. ते तिने पाहिलं.

स्पिना गतिरोधकाच्या अलीकडेच ठेवून मंडळी घरी गेली. अंगणात मोन्ते उभी होती आणि घराने तिचा ताबा घेतला होता. जीवनची बायको वैशाली मधल्या रांगेत बसून पाठ चोळून घेत होती, पोरं काच वरखाली करत होती, आणि जीवन पुढचा टचस्क्रीनचा पडदा बोटाने चाळत होता. लडकूंच्या बायकोने, ठमाबाईंनी, गाडीला एक प्रदक्षिणा घातली, दार उघडून माणसं मोजली आणि निकाल दिला.

"बसतात समदी. मंग झाला."

"आईचं एकच म्हणणं असतं," वैशालीने रुचिराला सांगितलं. "नवी गाडी आली की पहिली वज्रेश्वरीला न्यायची, घरातल्या सगळ्यांना बसवून."

"एक मानूस जरी मागं रायला तरी गाडी लागत न्हाय घराला," ठमाबाई म्हणाल्या. "आमचे सासूपासून हाय हा."

झालं. ज्या गाडीत दोनच माणसं मावतात, तिचा निकाल तिथेच लागला. रुचिराने चहा एका दमात संपवून कप खाली ठेवला. मोन्तेच्या बुकिंगबद्दल सुश्रुत तिची पाठ थोपटणार होता, आणि तिला रडू येणार होतं.

पण लडकू पाटलांचं लक्ष अंगणात नव्हतं. ते ओटीच्या कडेला उभे राहून, मान उंचावून, लांब रस्त्यावरच्या लाल ठिपक्याकडे बघत होते.

"तिकडं नका बगू," ठमाबाई म्हणाल्या.

"मी कुठं बगतोय?"

"मना म्हाईत हाय तुमची नजर. बाय, तुला सांगते," त्या रुचिराकडे वळल्या, "यांचा हरण्या होता. शर्यतीचा बैल. नांगराला लावायचा न्हाय, गाडीला जुपायचा न्हाय, नुसता पलायचा. नि खायला काय? रोजची अंडी! माजे कोंबड्यांची अंडी. पोरांना एकेक, नि त्याला टोपली. छकड्याला बायमानसानं हात लावायचा न्हाय, शर्यतीला बायांनी जायचा न्हाय. आमी फक्त अंडी द्यायची. आता परत तसला जनावर मी दारात आनू देनार न्हाय!"

जीवन खो खो हसला. लडकू पाटील हसले नाहीत. ते म्हणाले, "घेत कोन हाय? ही पोरगी एवढ्या लांबून घेऊन आली. एक चक्कर मारतो नि येतो."

"कुठं मारणार, काका?" रुचिराने विचारलं. रस्त्यावर कंटेनर होते, खड्डे होते आणि पुढे कोणाकोणाचे गतिरोधक होते.

"शेतावर," असं म्हणता म्हणता काका थबकले. "म्हंजे... गोदामात."

गतिरोधकाच्या अलीकडेच त्यांचं शेत होतं, तिथे आता गोदामं उभी होती. फाटकाशी वॉचमन, आत लांबच लांब सिमेंटचा रस्ता, दोन्ही बाजूंना गाळ्यांची बंद शटरं. रविवार असल्यामुळे माल चढवणं-उतरवणं बंद होतं आणि सगळीकडे सामसूम होती. वॉचमनने सलाम ठोकला. रुचिराने गाडी आत आणून काकांना चालवायच्या जागी बसायला सांगितलं. स्टिअरिंगमागे शिरताना काकांना आधी पाय की आधी डोकं हे कळेना, शेवटी ते नमस्काराला वाकल्यासारखे आत गेले आणि धप्पकन बसले.

पहिल्यांदा गाडी बंद पडली. दुसऱ्यांदाही पडली. "ट्रॅक्टरसारखा क्लच नका सोडू," रुचिरा म्हणाली. "कासरा सैल सोडता तसा सोडा."

आणि मग गाडी निघाली. रस्त्याच्या टोकाला जाऊन वळली, परत आली, पुन्हा गेली. रुचिरा सांगत होती, आता गिअर, आता ब्रेक, वळणात शिरण्याआधी हळू, बाहेर पडताना पाय द्या. काकांना एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नव्हतं. वळण यायच्या आधीच त्यांचा खांदा तिकडे झुकत होता. चौथ्या-पाचव्या चकरीला त्यांनी असा गिअर टाकला, की श्रीनाथ सरांनी एकही मार्क कापला नसता. लडकू पाटील मोठ्याने, तोंड उघडून, पोरासारखे हसू लागले.

रस्त्याच्या मधोमध त्यांनी गाडी थांबवली. डाव्या हाताच्या शटरकडे बोट केलं. "हितं माजा भात झोडायचा खला होता. तो खांब हाय ना, तितं बांध. भात कापून झाला, का याच जागेवर हरण्याला पलवायचो मी." मग स्टिअरिंगवर हात टेकवून ते म्हणाले, "भाडा येतो, बाय. न्हाय म्हनत न्हाय, चांगला येतो. पन मना हितं कामच रायला न्हाय काय. फाटकाशी येतो, वॉचमन सलाम मारतो, मी परत जातो. आज किती सालांनी हितं कायतरी केला मी."

रुचिराला भरून आलं. आणि भरून आलं म्हणूनच तिला खोटं बोलवेना. "काका, खरं सांगू? ही गाडी खपत नाही. ती उंच गाडी खपते आणि तिच्यावर हिचं भागतं. दिवाळीनंतर हिला इथे आणणंही बंद करणार आहेत."

"म्हंजे नांगराचे बैल हिला पोसतात."

"हो."

"मंग त्यात नवीन काय? माजे घरात बी तसाच होता," काका म्हणाले. "शर्यतीवर बंदी आली तवा मी हरण्याला देऊन टाकला. नांगराची जोडी होती की घरात, गुनाची होती. पन माजे बैल बगायला परत कोन आला न्हाय. तुजे साहेबाला सांग, ही गेली ना, का ती उंचवाली बी चार गाड्यांसारखी गाडी. कोन इचारनार तिला?"

हे वाक्य सुश्रुतच्या कपाळावर चिकटवावं, असं रुचिराला वाटलं.

ते परत आले तेव्हा ठमाबाई गतिरोधकावर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. नवऱ्याचा चेहरा त्यांनी बारकाईने निरखला.

"काय झाला? हसता काय एवढा?"

"काय न्हाय."

"चालवत कोन होता?"

"मी. आधी ही. हिनंच शिकवला मना."

ठमाबाईंनी रुचिराला खालपासून वरपर्यंत पाहिलं, जणू ती आत्ताच आली होती. "तू बायमानूस असून हा जनावर पलवतेस?"

"माझं कामच आहे ते, काकू."

ठमाबाईंनी पदर कमरेला खोचला. मग त्या नवऱ्याला म्हणाल्या, "उतरा. मना बसू दे."

लडकू पाटील उतरले आणि रुचिरा स्टिअरिंगवर गेली. ठमाबाई आत बसताना कशाला अडखळल्या नाहीत, जन्मभर पाटावर बसायची सवय. गोदामाच्या रस्त्यावर रुचिराने गाडी आधी बेताने नेली.  मग थोडा वेग वाढवला.  टोकाशी वळून तिने स्पिनाला मोकळं सोडलं. इंजिनाने आवाज चढवला, शटरं भराभरा मागे पळाली, पाठ सीटला चिकटली. ठमाबाईंनी डोळे मिटले नाहीत. गाडी थांबली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "अजून."

तीन वेळा "अजून" झालं. मग त्या समोर बघत, स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, "याच्यासाठी जायची माजी अंडी?" आणि एक लांब श्वास घेऊन, "आता कलला."

अंगणात येऊन त्यांनी फर्मान सोडलं, "ती उंच गाडी परत घेऊन जा. आपली जुनी जीप हाय, तीत मावताव समदी. घ्यायची तर लालवाली."

"आणि वज्रेश्वरी?" जीवनचा चेहरा उतरला होता. मोन्तेचा पडदा त्याने अजून सोडलेला नव्हता. "दोघांत घरातली सगळी माणसं कशी बसवणार? तूच म्हणतेस ना..."

"जीप येईल मागून. एष्टी स्टँडवरून देवलापर्यंत एकेकाला बसवून आनतील तुजे बाबा. देवी काय इचारनार हाय, एकदम आलाव का एकेक करून?"

सासूपासून चालत आलेली रीत ठमाबाईंनी अशी एका वाक्यात वाकवली. त्यांचाच नियम, त्यांनाच अधिकार. जीवनने आईकडे पाहिलं, मग वडिलांकडे. वडील हसू लपवायला मिशी पुसत होते. त्यांना असं त्याने कधी पाहिलं होतं ते त्याला आठवेना. पडद्यावरचं बोट काढून तो म्हणाला, "घ्या बाबा. माझी जीप अजून चांगली चालते." आणि मग जरा उत्साहाने, "तो गतिरोधक आजच तोडून टाकतो."

"हात लावायचा न्हाय त्याला," लडकू पाटील एकदम म्हणाले. आवाज पुन्हा सरपंचाचा झाला होता. "पोरं जातात तिथनं."

"मग गाडी घरी कशी येणार?"

"घरी कशाला आनायची? हरण्याला तरी नांगराचे बैलात कवा बांधला होता का मी? गोदामाचा माजा एक गाला रिकामा हाय. तितं ऱ्हाईल."

रुचिराने तिथूनच सुश्रुतला फोन लावला. स्पिनाचं बुकिंग झालं ऐकून त्याने पहिलं विचारलं, "आणि मोन्ते?" मोन्ते परत येतेय म्हटल्यावर त्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला, की तिने फोन कानापासून लांब धरला.

सुश्रुतचा सुस्कारा मात्र दिवाळीच्या फराळाआधीच विरला. लडकू पाटलांची नवीकोरी लाल गाडी कंपनीतून येताच त्यांचे व्याही, कोन गावचे मोरूशेठ, ती बघायला गोदामात आले. तिच्यात बसले, आणि त्यांना बाहेर काढायला दोघे लागले. कपडे झटकत त्यांनी विचारलं, "याच कंपनीची जरा उंच मिलते काय?" आठवड्याभरात त्यांच्या दारात मोन्ते आली, आणि त्यांचं बघून आणखी एकाच्या. सुश्रुतने हे सगळं वरच्या साहेबांना कळवलं, जणू ही युक्ती त्याचीच होती. शोरूमची लाल गाडी जागच्या जागी राहिली. रुचिराने त्याला काही म्हटलं नाही. तिला स्पिना हवी होती, श्रेय नको होतं.

वज्रेश्वरीची वारी ठरल्याप्रमाणे पार पडली. स्टँडपासून देवळापर्यंत लडकू पाटलांनी एकेकाला बसवून आणलं, आणि लिंबं विकणाऱ्या बाईने प्रत्येक खेपेला नवं लिंबू खपवलं.

त्यानंतरच्या एका रविवारी सकाळी रुचिरा खारबावला गेली. काकांना वळणात गाडी अजून स्वच्छ कशी घालायची ते शिकायचं होतं. घरात काकांची तयारी चालली होती. त्यांनी टोपी घातली, चपला पायात सरकवल्या आणि दारातून आत आवाज दिला, "ठमा, शेतावर जाऊन येतो गं!"

आत तांदूळ निवडणाऱ्या वैशालीचा हात थांबला. जीवननेही वर पाहिलं. गोदामं उभी राहिल्यापासून ही हाक त्या घरात कोणी ऐकली नव्हती. लडकू पाटलांना स्वतःलाही आपण काय बोललो ते बहुधा कळलं नव्हतं. ते अंगण ओलांडून गेलेसुद्धा.

ठमाबाई हात पुसत बाहेर आल्या. हातात फडक्यात बांधलेली न्याहारी होती, पूर्वी बांधायच्या तशी.

"थांबा जरा," त्या मोठ्याने म्हणाल्या. "मी बी येते. आज मना चालवायची हाय."